नोव्हेंबरअखेरचा कोकण किनारा: 'गुलाबी थंडी'वर विसंबून निघू नका

'नोव्हेंबरात कोकण म्हणजे कोरडी हवा, गुलाबी थंडी आणि शांत समुद्र' असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. यातलं एकही विधान सलग तीन दिवस खरं राहत नाही. आगरदांडा ते रत्नागिरी, सागरी मार्गाने, सायकलवर, नोव्हेंबर संपता संपता केलेल्या प्रवासाचा हा वृत्तांत आहे. घाट चढता येतो, पंक्चर काढता येतं आणि दिवसभर उन्हात बसायची सवय आहे, हे गृहीत धरलंय.

आधी उन्हाबद्दल, कारण सगळे थंडीचे कपडे घेऊन येतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे असतात, तेव्हा खरंच गार वाटतं. दिवस वर आला की समुद्रावरून खारे वारे सुटून हवा सावरायला हवी. पण या दिवसांत पूर्वेचा वारा जोरात असेल तर खाऱ्या वाऱ्याला वाट मिळत नाही. तो बारा-एकऐवजी दोन-अडीचला येतो आणि तोवर पारा ३४-३५ अंशांवर जाऊन बसलेला असतो. उजाडताना निघा आणि अकराच्या आत मोठे चढ संपवा. दुपारनंतरचा खारा वारा बहुतेक वायव्येचा असतो, म्हणून प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडेच करा. रत्नागिरीहून वर येणारे सायकलवाले दुपारी तोंडावर वारा घेऊन जी शिवीगाळ करत असतात, ती रास्त आहे.

आणि थंडी? ती आहे, पण दापोलीत. दापोली वर पठारावर, हर्णै खाली समुद्राला लागून. मधलं अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. आकाश निरभ्र असेल तर हर्णैला पंख्याखाली झोपावं लागतं आणि त्याच पहाटे दापोलीत कानटोपी शोधावी लागते. दापोलीत मुक्काम नसेल तर जाड जॅकेट घरी ठेवा. तंबू लावणाऱ्यांनी वरचा कापडी थर विसरू नये. किनाऱ्यावर दव इतकं पडतं की सकाळी सगळं निथळत असतं.

आता पाऊस. मोसमी पाऊस ऑक्टोबरात परततो, पण अरबी समुद्रातला चक्रीवादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ ला किनाऱ्यावर आलं. 'ओखी'मुळे डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पाऊस पडला. १ डिसेंबर २०२१ ला कुठलंही वादळ किनाऱ्यावर आलेलं नसताना कोकण भिजलं. त्यामुळे 'आता कसला पाऊस' म्हणणाऱ्या लॉजवाल्याचं ऐकू नका.

बिघाडाची चिन्हं दीड-दोन दिवस आधी दिसतात. पहाटेची थंडी एकदम पळते: ढग रात्रीची उष्णता धरून ठेवतात आणि १७-१८ अंशांवर गेलेलं किमान तापमान २३-२४ वर येतं. दुपारी खारा वारा येतच नाही, त्याऐवजी पूर्व-आग्नेयेचा दमट वारा वाहत राहतो. आंबेवाले मोहोराकडे बघून तुडतुड्यांची काळजी करायला लागतात. बंदरात नौकांची दाटी होते, त्यात परराज्यातल्याही असतात. एवढं दिसलं की हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा आणि त्याहून आधी मच्छीमारांसाठीचा इशारा बघा, कारण समुद्रातली हालचाल तिथे आधी उमटते. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला असेल तर फेरीबोट धरून आखलेला दिवस विसरा.

या सगळ्या मार्गावर खरी धोक्याची जागा एकच: हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग. इथे माणसं वाहून गेली आहेत. देवळामागून वर चढून, दोन कड्यांमधल्या पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि लाटांनी कोरलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत यायचं, एवढाच मार्ग. अर्धा-पाऊण तास लागतो. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असल्याने मध्येच पाणी वाढलं तर वर चढायला जागा नाही. 'ओहोटीला जा' हा सल्ला सगळे देतात, तो अपुरा आहे.

हिशेब असा करा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. यात अर्ध्या तासाची चूक धरावी आणि भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघावं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत लांब जातं खरं, पण ओहोटी सहाच्या आसपास येते आणि या दिवसांत सूर्य पावणेसातनंतर उगवतो. अंधारात दवाने ओल्या खडकावर उतरणं हा शुद्ध वेडेपणा. सप्तमी-अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, उजेड भरपूर, पण ती भांगाची ओहोटी. पाणी फारसं मागे हटत नाही आणि खालचे खडक ओलेच राहतात. उरतात तृतीया ते पंचमी: ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान, पाणीही पुरेसं मागे. पाणी उतरत असतानाच खाली जा आणि पूर्ण ओहोटीच्या वेळेपर्यंत वर या. पाणी परत फिरल्यावर उतरू नका.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. समुद्रात शेकडो किलोमीटरवर वादळ असेल तर इथे निळं आकाश, वारा पडलेला, आणि तरीही लांब पल्ल्याच्या लाटा येत राहतात. या लाटा फसव्या असतात. पाच-सात मिनिटं पाणी खडकाच्या खालीच खेळतं आणि मग एकामागून एक तीन-चार मोठ्या लाटा थेट वाटेवर येतात. म्हणून पायऱ्यांच्या वरच पंधरा मिनिटं उभं राहून बघा. तेवढ्यात एकदा जरी वाटेवर पाणी आलं तर परत फिरा. हैदराबादच्या 'इन्कॉइस'चा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा असेल तर बघायचीही गरज नाही. वरूनच नमस्कार करा. पुढे गेलेल्या गटाकडे बघून उतरणं ही सगळ्यांत मोठी चूक.

दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता समुद्रालगत, सोपा आणि सुंदर आहे. जास्त सांगण्यासारखं काही नाही.

खाड्यांचं मात्र सांगायला हवं. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा चार तरी आहेत. प्रत्येक ठिकाणी लांब उतार, फेरीबोट आणि पलीकडे लगेच चढ. पाय थंड पडलेले असताना धोपाव्याचा चढ फार लागतो. मधल्या गिअरने सुरुवात करण्याचा शहाणपणा नको, थेट सर्वांत हलका लावा. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या ओहोटीला रॅम्पचा खालचा भाग उघडा पडतो, तिथे शेवाळ असतं. उतरून, सायकल हाताने न्या. पाऊस झाल्यानंतरच्या सकाळी खाडीत धुकं भरतं आणि पहिली फेरी उशिरा सुटते, तेव्हा त्या दिवशी लांबचा टप्पा ठेवू नका.

फेरी बंद पडली तर पर्याय आधीच माहीत हवेत. दाभोळला अडकलात तर खेड-चिपळूणवरून गुहागर, शंभर किलोमीटरहून जास्त वळसा; सरळ एसटीच्या टपावर सायकल टाका. जयगडऐवजी राई-भातगावचा पूल घ्या. बागमांडल्याच्या फेरीला आंबेत-म्हाप्रळ पुलाचा पर्याय आहे, पण तो याआधी दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, म्हणून विचारून निघा.

अशाच वेळी खासगी होडीवाला पुढे येतो. फेरीच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे, लाइफ जॅकेट नाही, आणि 'दहा मिनिटांत पोचवतो'. फेरीबोट वाऱ्यामुळे थांबली असेल तर ती छोटी होडी जास्त सुरक्षित असण्याचं काहीच कारण नाही. पैसे परवडत असले तरी नकोच. खोल्यांचंही तसंच: ऑरेंज अलर्ट लागल्यावर आगाऊ रक्कम परत मागा, 'पाऊस तर पडला नाही' हेच उत्तर मिळेल. म्हणून आगाऊ पैसे एका रात्रीचेच द्या, आणि रद्द केल्यास तारीख बदलून मिळेल असं मेसेजवर लिहून घ्या. फोनवरचा शब्द दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

सामानात पोंचो नको, वाऱ्यात त्याचं शीड होतं. बंद गळ्याचं पातळ रेनजॅकेट घ्या. एक पाऊस पडला की जांभ्याची लाल माती ब्रेकच्या पॅडमध्ये बसते आणि उतारावर किरकिर सुरू होते. ती पॅड आणि रिम दोन्ही खाते. मुक्कामाला पोचल्यावर आधी रिम पाण्याने धुवा, पॅडमधले खडे सुईने काढा, चेन पुसून तेल द्या. पॅडचा जादा जोड सोबत ठेवा. तो गुहागरच्या अलीकडे लागतो आणि दुकान मात्र चिपळुणात असतं.