ओव्हन बंद, टर्की गोठलेली: थँक्सगिव्हिंगचा माझा अनुभव

थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की हा कोंबडीहून बराच मोठा पक्षी अख्खा भाजून खायचा इथला सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं हे अमेरिकेत शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी नवऱ्याच्या कंपनीने सगळ्यांना भेट म्हणून १४ पौंडांची, म्हणजे जवळजवळ सव्वासहा किलोची, दगडासारखी गोठलेली टर्की दिली ती मंगळवारी संध्याकाळी. फ्रिजमध्ये ठेवून टर्की वितळवायची तर दर ४-५ पौंडांना एक अख्खा दिवस धरावा लागतो. १४ पौंडांना तीन-साडेतीन दिवस. गुरुवारी दुपारी चारला पाहुणे येणार. ज्यांनी हे वाटप ठरवलं त्यांच्या घरी कधी टर्की शिजत नसावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

ओव्हन आधीच बंद होता. गॅसच्या ओव्हनचा इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग, गेला होता आणि अपार्टमेंटच्या ऑफिसचं म्हणणं, पार्ट मागवलाय, माणूस सुट्टीनंतर येईल. न्यू जर्सीतलं भाड्याचं घर, त्यामुळे बाल्कनीत कोळशाची ग्रिल पेटवायची सोय नाही. लीजमध्येच मनाई आहे. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, पार्किंगपाशी मोठ्या पातेल्यात अख्खी तळून काढा. पण आत बर्फ राहिलेला पक्षी कढत तेलात सोडला की त्या बर्फाची एकदम वाफ होते, तेल उसळून बर्नरवर येतं आणि आग लागते. दर वर्षी लोक अशी घरं जाळून घेतात. नको.

म्हणून इलेक्ट्रिक रोस्टर विकत आणला. झाकणाचा मोठा लंबगोल डबा, आत काढता येणारं भांडं, पुढे तापमानाची कळ. १८ क्वार्टचा, म्हणजे साधारण १७ लिटरचा. १४ पौंडांची टर्की त्यात आरामात बसते. आमच्या मराठी मंडळाकडे असाच एक आहे, पण गणपतीत त्यात मसालेभात गरम ठेवतात. तो टर्कीसाठी मागायची माझी छाती नव्हती.

आता त्या बर्फाबद्दल. मंगळवारी रात्री टर्की फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात गेली, खाली खोल ट्रे. खालीच ठेवायची, कारण तिचं पाणी गळतं आणि ते कोथिंबिरीवर पडलेलं कुणालाच नको असतं. दही, भाज्या आणि इडलीचं पीठ बाल्कनीत गेलं, बाहेर तशीही फ्रिजइतकीच थंडी होती. बुधवारी रात्री दाबून पाहिली तर कातडी मऊ, आत जशीच्या तशी.

मग दुसरा मार्ग, थंड पाण्याचा. पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. पूर्ण गोठलेल्या १४ पौंडांना सात तास. फ्रिजमध्ये थोडं काम झालेलं असेल तर कमी, पण किती कमी ते वरून कळत नाही. शिवाय पाण्यात वितळवलेली टर्की लगेच शिजवावी लागते, परत फ्रिजमध्ये टाकून झोपता येत नाही. त्यामुळे बुधवारी रात्री उरकून टाकू म्हणावं तर तेही नाही. गजर लावून गुरुवारी पहाटे उठायचं, एवढाच अर्थ निघाला.

सिंकमध्ये पक्षी पूर्ण बुडेना, म्हणून पिकनिकला खाणंपिणं गार ठेवायचा मोठा डबा, कूलर, काढला. वेष्टन काढायचं नाही. ते कुठे फाटलं असेल तर वरून जाड पिशवी घालून घट्ट बांधायची. छाती खाली, कारण सगळ्यात जाड भाग तोच. पाणी गार नळाचं. नवरा उठून आला आणि म्हणाला, कोमट घाल की, लवकर होईल. होतं लवकर, पण बाहेरचं मांस ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सियसच्या, वर जाऊन तिथेच तासन्तास राहतं आणि जंतूंचं फावतं. मी त्याला पाणी बदलायच्या कामाला लावलं. बादली भर, कूलर रिकामा कर, परत भर. अर्धा तास इतका लहान असतो की त्यात झोप लागत नाही आणि दुसरं कामही होत नाही.

त्यात यंदा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार नेमका त्याच दिवशी. पुण्याहून आईचा फोन: "अगं, आजच्या दिवशी?" मी म्हटलं, आई, गुरुवार १९४१ साली इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायद्यात घातला, मी नाही. तिला ते पटलं नाही. मला त्या वेळी फक्त पुढचं पाणी दिसत होतं.

वितळली हे ओळखायचं कसं, तर पोटात हात घालून. मानेच्या बाजूला आणि पोटात काळीज, पोटा आणि मान अशी पुडी कोंबलेली असते. ती सुटून हातात आली तर काम झालं. आमची पुडी बर्फात रुतून बसली होती. शेवटी वेष्टन काढून पोटाच्या आतूनच गार पाण्याची बारीक धार सोडली, तेव्हा कुठे निघाली. तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही! नंतर सिंक साबणाने घासला. एरवी टर्की धुवायची नसते, शिंतोड्यांनी ओटाभर जंतू पसरतात. इथे इलाज नव्हता.

पुढचं सगळं सोपं. आतून-बाहेरून कोरडी पुसली, कातडीखाली बोटं सरकवून लोणी, आलं-लसूण, धणेपूड आणि लिंबू चोळलं. मीठ जपून. गोठलेल्या बऱ्याच टर्कींमध्ये आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, लेबल वाचा. पोटात सारण भरलं नाही, फक्त एक कांदा. रोस्टर ४५० फॅरनहाइटला तापवून पहिला अर्धा तास तसाच, मग ३२५ वर आणला. झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उघडलं की उष्णता निघून जाते, आणि घरातला प्रत्येक माणूस जाता-येता उघडू पाहतो.

एक सांगायचं राहिलं. रोस्टर १४५० वॉटचा, इथल्या १२० व्होल्टवर १२ अँपिअर एकटाच ओढतो. त्याच लाइनवर कुणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. आमच्याकडे पडला. पातळ एक्स्टेन्शन कॉर्ड तर अजिबात नको, थेट भिंतीत लावा.

तीन तासांच्या आतच झाली, म्हणजे थर्मामीटरने सांगितलं. छातीचा जाड भाग, मांडीची आणि पंखाची आतली बाजू, तिन्हीकडे १६५ फॅरनहाइट, सुई हाडाला न टेकवता. छातीत खोचलेलं, शिजली की टपकन वर येणारं प्लास्टिकचं बटण असतं, त्याच्या भरवशावर राहू नका. मग अर्धा तास झाकून तशीच ठेवायची, तेव्हाच रस आत मुरतो.

रोस्टरची एक खोड आहे. झाकणाखाली वाफ कोंडते, म्हणून कातडी फिकट राहते, कुरकुरीत होत नाही. लोक मासिकातला सोनेरी पक्षी डोळ्यांसमोर धरून बसलेले असतात. मी काश्मिरी तिखट लोण्यात कालवून सुरुवातीलाच वरून फासलं होतं, त्याने रंग छान आला. आणि टेबलावर अख्खी न नेता स्वयंपाकघरातच कापून ताटात लावली. कुणी कातडीबद्दल चकार शब्द काढला नाही. मांस मात्र इतकं रसाळ होतं की ओव्हन असता तरी मी पुन्हा रोस्टरच काढीन.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं. हाडं प्रेशर कुकरला लावली, त्या पाण्यात शुक्रवारी तांबडा रस्सा केला. पुढच्या वर्षी कंपनीने टर्कीऐवजी दुकानाचं कूपन द्यावं, असा ईमेल नवऱ्याकडून लिहून घेतला आहे. अजून उत्तर नाही.