तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरचा बेंजो पुन्हा वाजेल का?

गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक लालबाग, परळ, गिरगाव, नाहीतर एखाद्या कोळीवाड्यातले. कॉलेजच्या वयात बेंजो पार्टीत, म्हणजे मिरवणुकीतल्या वाद्यवृंदात, बटणांचा बेंजो वाजवलेला असतो. मग नोकरी, शिफ्ट, विरार-बदलापूरकडे बिऱ्हाड, आणि बेंजो माळ्यावर. दहा-पंधरा वर्षांनी तो खाली उतरतो, धूळ झटकून दोन सूर छेडले जातात आणि सगळं बेसूर लागतं. मग विचारतात, "हात गेला हो, आता परत जमेल का?"

हात गेलेला नसतो, बेंजो गेलेला असतो. गंजलेल्या तारांवर आणि सरकलेल्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी) रोज वाजवणाऱ्यालाही सूर लागणार नाही. म्हणून आधी वाद्य नीट करा, हाताची परीक्षा नंतर घ्या. याच क्रमाने केलंत तर जमतं. उलट्या क्रमाने गेलेले पहिल्या आठवड्यातच बेंजो पुन्हा पेटीत बंद करतात.

तारा आणायला जाण्याआधी एक सांगतो. दुकानात "बेंजोच्या तारा द्या" म्हणालात तर भलतंच पाकीट हातात पडू शकतं. जगात ज्याला बेंजो म्हणतात ते चामडं ताणलेलं गोल अमेरिकन वाद्य. आपला बटणांचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवून तो तयार केला. अमेरिकन बेंजो आणि आपला बेंजो यांचं नाव सोडलं तर काही जुळत नाही, त्यामुळे इंटरनेटवरचे त्या बेंजोचे धडेही तुमच्या कामाचे नाहीत. जुन्या तारेचा तुकडा घेऊन जा आणि तेवढ्याच जाडीची साधी स्टीलची तार मागा. गिटारची सुटी तार बहुतेक वेळा चालते. जाडी मात्र बदलू नका. ०.०१० इंचाच्या जागी ०.०१२ लावून तोच सूर गाठायचा तर ताण जवळपास ४४ टक्के वाढतो. त्या ताणाने घोडी दबते, खुंट्या सुटायला लागतात आणि बटणं दाबायला जड जातात.

तारा काढण्यापूर्वी घोडीच्या दोन्ही बाजूंनी पेन्सिलने बारीक रेघ मारा. घोडी बहुधा चिकटवलेली नसते, तारांच्या ताणानेच जागेवर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती हलते आणि मग प्रत्येक बटण थोडं थोडं चुकीचं बोलतं. म्हणून एक तार काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग दुसरी. गंजलेली तार ताणलेली असताना कापू नका, तोंडावर उसळते. आधी खुंटी पूर्ण सैल करा. नवीन तारेला खुंटीवर तीन-चार वेढे पुरतात. जास्त वेढे एकमेकांवर चढले की तार घसरत राहते.

आता बटणं. झाकण उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण स्प्रिंगा सगळ्या सारख्या दिसत असल्या तरी झिजलेल्या सारख्या नसतात. जिची तिथेच गेलेली बरी. आत तेल फवारायचा मोह होतो, पण तो टाळा. तेलाला मुंबईची धूळ चिकटते आणि आज मोकळं झालेलं बटण महिन्याभरात आणखी घट्ट होतं. कोरडा रंगाचा ब्रश आणि जुना टूथब्रश पुरे. शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब फक्त खुंट्यांच्या दात्यांना द्या.

मग एकेक बटण दाबून तार छेडा. घाईने नको, प्रत्येक तार वेगळी छेडा. बटणाखालची पट्टी सगळ्या तारांवर एकाच वेळी बसायला हवी. एखादी तार घोडीवर केसभर खाली बसली असेल तर पट्टी तिच्यावर पुरती दाबली जात नाही आणि ती झणझणते. सगळ्या तारा एकत्र छेडल्या की हा दोष ऐकू येतो, पण कुठला ते कळत नाही. झणझण सगळ्या बटणांवर असेल तर घोडीची खाच बघा. एकाच बटणावर असेल तर त्याची पट्टी बघा. वर्षानुवर्षं तार एकाच जागी आपटून तिथे बारीक चर पडलेला असतो. नखाने लागतो तो. बारीक पॉलिश पेपरने दोन-चार हलके हात मारले की पृष्ठभाग सपाट होतो. जास्त घासलंत तर पट्टी तारेपर्यंत पोचणारच नाही.

सूर लावताना एक तार सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर लावा, समजा पांढरी पाच (ट्यूनरवर G), आणि बाकीच्या तिच्याशी कानाने जुळवा. दोन तारा जवळ आल्या की आवाजात लाट येते. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरी ४४२ वर असेल तर सेकंदाला बरोबर २ लाटा. लाट लांबत लांबत थांबली की तारा जुळल्या. खुंटी नेहमी खालून वर आणा. वर गेलात तर पुन्हा खाली उतरून मग चढा, म्हणजे दात्यांतली ढिलाई राहत नाही. नवीन तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात, तेवढा धीर धरावा लागतो.

यानंतरची परीक्षा बरेच जण करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बेंजो तिथेच बेसूर असतात. खुली तार छेडा. मग बटणांच्या दोन्ही ओळी धरून मोजलेलं बारावं बटण दाबून छेडा. वरचा सा लागला पाहिजे, म्हणजे ट्यूनरवर सूर तोच आणि सप्तक वरचं. तो चढा लागत असेल तर घोडी बटणांपासून किंचित लांब सरकवा, उतरा लागत असेल तर जवळ आणा. एका वेळी अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी खुली तार पुन्हा लावून मगच मोजा.

पिकअपचं, म्हणजे तारांचा आवाज अँप्लिफायरला पोचवणाऱ्या भागाचं, थोडक्यात. जॅक फिरवल्यावर खरखर आली तर जॅक बदला. लॅमिंग्टन रोडला पाव इंची जॅक कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. सतत घूं आवाज येत असेल तर अर्थिंगची वायर सुटली आहे का ते बघा. ती जोडल्याशिवाय अँप्लिफायरवर वाजवू नका, त्यात शॉकचा धोका आहे.

पण अँप्लिफायर इतक्यात लावूच नका. पहिला महिना बिनपिकअपचाच वाजवा. मिरवणुकीत वाजवणाऱ्याने आपला बेंजो फारसा ऐकलेलाच नसतो. त्याने ऐकलेला असतो भोंगा, आणि त्यावर ढोल-ताशा. रात्री जेवणं झाल्यावर खिडकी लावून, मांडीवर बेंजो घेऊन एकच सूर छेडा. आधी नखीची (तार छेडायच्या छोट्या तुकड्याची) टिक, मग स्टीलची चकाकी, आणि त्यामागे लाकडाचा मऊ आवाज येतो आणि विरतो. हा आवाज पंधरा वर्षांपूर्वीही त्याच खोक्यात होता. परत आलेल्या माणसाला बेंजो पुन्हा आवडायला लागतो तो इथे. गर्दीच्या जोरावर वाजवणं वेगळं, हे वेगळं, आणि हे जास्त टिकतं. शेजाऱ्यांचीही तक्रार येत नाही.

आता हात. डावा हात लवकर परत येतो, बोटांना बटणांची जागा आठवते. वेळ लागतो तो नखीच्या हाताला. दोन चुका ठरलेल्या आहेत. बटण पुरतं बसण्याआधी छेडलं तर सुराऐवजी नुसता 'टक' येतो. आणि पुढचं बटण दाबण्याआधी मागचं बोट उचललं तर मधेच खुली तार बोलते. आरतीच्या चालीत अधूनमधून नको तो सा ऐकू येतो, तो हाच. उपाय म्हणजे पुढचं बटण दाबलं गेल्यावरच मागचं बोट सोडायचं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, एका ठोक्याला दोन आघात, एक खाली एक वर, आणि सारेगम सरळ-उलट. रोज १५ मिनिटं सकाळी, १५ संध्याकाळी. रविवारी सलग दोन तास बसून मनगट दुखवून घेण्यात काही मिळत नाही. लांब सूर धरायचा तर नखी सतत खाली-वर हलती ठेवावी लागते, कारण स्टीलचा सूर लगेच विरतो. ही थरथर सारखी येऊ लागेपर्यंत संथ गाणी घेऊ नका. मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, मागे लागू नका, बटण सुरावर कुलूप लावतं. खटका आणि मुरकी या झटपट सुरांच्या हरकती मात्र या वाद्यावर फार सुरेख येतात.

वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसा. घामातलं मीठ आणि समुद्राची हवा मिळून पावसाळ्यात आठवड्याभरात तार काळी करतात. बेंजो पुन्हा माळ्यावर नको. कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, आणि पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

यंदाच मिरवणुकीत उभं राहायचं का, असंही विचारता. आज सुरुवात केलीत आणि हातात दोन महिने असतील, तर आधी घरच्या किंवा चाळीतल्या आरतीला वाजवा. तिथे लय संथ असते, माणसं ओळखीची असतात, आणि चूक झाली तरी टाळ-झांजा पुढे नेतात. तिथे सलग पाच दिवस हात टिकला तर विसर्जनाला जा. जाताना खिशात दोन जादा तारा, एक छोटी पक्कड आणि दोन नख्या असू द्या.