कधीपर्यंत आहेस?

रविवार, रात्री अकरा.

"कधीपर्यंत आहेस?" शेजारच्या आजींनी आज एवढेच विचारले. मी माद्रिदहून परतत होतो आणि माझ्या बॅगेची चाके त्यांच्या दारासमोर खडखडत होती. चार दिवसांसाठी घर भाड्याने घेणाऱ्या पर्यटकांच्या बॅगा अशाच वाजतात, हे मान्य आहे. पण मला या गल्लीत चार वर्षे झाली आहेत. मी हसून वेळ मारून नेली आणि संध्याकाळभर तोच प्रश्न उगाळत बसलो. मीनलला फोनवर हे सांगितले नाही.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराच्या समुद्राकाठच्या काबान्याल या आमच्या वस्तीतली जुनी माणसे बाजारासाठी चार किलोमीटरवरच्या मध्यवस्तीत निघाली, तरी "व्हॅलेन्सियाला जाते" म्हणतात. आजीही तसेच म्हणतात. 1837 ते 1897 ही साठ वर्षे काबान्याल ज्यात येते ती पोब्ले नोऊ दे ला मार, म्हणजे समुद्राकाठचे नवे गाव, ही स्वतंत्र नगरपालिका होती. नंतर शहराने ती आपल्यात सामावून घेतली. त्यालाही सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी या माणसांच्या बोलण्यात शहर अजून परगावच आहे. मग माझी चार वर्षे म्हणजे किस झाड की पत्ती! उद्या मी इथून गेलो, तर या गल्लीला कळणारही नाही, असे आज जिना चढताना वाटले आणि स्वतःचीच बरीच कीव आली.

ती कीव जेवणानंतर थोडी ओसरली, कारण या गावात कायमचे असे काय टिकले आहे, याचा हिशेब मी मनाशी मांडू लागलो. काबान्याल हे नावच मुळी खोपट्यांवरून पडले आहे. मातीच्या भिंती आणि गवताची उतरती छपरे असलेल्या कोळ्यांच्या बर्राका 1796च्या आगीत मोठ्या संख्येने जळाल्या. त्यांच्या जागी पुढे पक्की घरे आली, पण समुद्राला समांतर धावणाऱ्या लांबच लांब गल्ल्यांमध्ये ती जुनी मांडणी अजून दिसते. समुद्रसुद्धा जागेवर राहिला नाही. बंदराचा धक्का लांबत गेला तशी उत्तरेला वाळू साचत गेली, समोर नव्या गल्ल्या उभ्या राहिल्या आणि पाण्यासमोरची घरे मागच्या रांगेत गेली. त्यांना कोणी विचारले होते का, कधीपर्यंत आहात म्हणून?

विचारले होते खरे. ब्लास्को इबान्येस यांच्या नावाचा हमरस्ता समुद्रापर्यंत नेण्यासाठी सुमारे 1,600 घरे पाडण्याचा आराखडा 1998 मध्ये निघाला, तोही 1993 मध्ये या वस्तीला संरक्षित वारशाचा दर्जा मिळालेला असताना. ज्या लेखकाने इथल्याच कोळ्यांवर लिहिले, त्याचेच नाव त्या रस्त्याला असावे, याला काय म्हणावे? लोक सतरा वर्षे झगडले आणि 2015 मध्ये सत्ता बदलल्यावर आराखडा बारगळला; तोवर कितीतरी घरे पाडून झाली होती. आमच्या गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत शेजारच्या भिंतीवर कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या फरश्या अजून चिकटलेल्या आहेत.

मी वरळीत वाढलो. कोळीवाडा दहा मिनिटांवर होता, पण मासळीवालीशी बाबा भावापलीकडे बोलले नाहीत, आणि मीही नाही. चित्रकार सोरोयाने 1894 मध्ये रंगवलेले एक चित्र काल माद्रिदला प्रादो संग्रहालयात पाहिले: होडीच्या पोटात एक जखमी पोरगा, त्याला सावरणारे दोन वयस्क कोळी आणि शीर्षक, 'तरीही म्हणतात, मासळी महाग!' तिथे मी फार वेळ थांबलो नाही. बाबांविषयी पुन्हा केव्हातरी.

हेही आठवते की आजी मूळच्या कान्यामेलारच्या, म्हणजे जुन्या पाटाच्या पलीकडल्या. लग्न होऊन इकडे त्यांना साठ वर्षे झाली, तरी कोपऱ्यावरचा न्हावी त्यांना "पलीकडची" म्हणतो आणि त्या त्याला काप दे फ्रान्साचा, म्हणजे वस्तीच्या उत्तर टोकाचा, म्हणून मोडीत काढतात. या रांगेत माझा नंबर बराच मागे आहे.

घराचा करार ऑगस्टपर्यंत आहे, हे मी सरळ सांगू शकलो असतो. मी नसताना दाराबाहेरच्या माझ्या कुंड्यांना आजीच पाणी घालतात. पुन्हा कधी घालावे लागणार, एवढेच त्यांना विचारायचे असेल.