सई थांबत होती

आज इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला ग्रेट गेबल डोंगर झाला. उंची ८९९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६) निम्म्याहून थोडी जास्त. वाऱ्यापावसात धड चढले, धड उतरले, मांड्या भरून आल्यात तेवढंच. खरं तर पडल्या पडल्या झोप लागायला हवी होती. पण जेवण झाल्यापासून मन कशातच नाही, आणि सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात दिवा लावून हे लिहीत बसलेय.

सई थांबत होती. तेच डोक्यातून जात नाहीये.

होनिस्टरच्या खाणीपासून निघालो, पाटीच्या दगडाची ती. कुंपणाच्या कडेकडेने ग्रे नॉट्सची चढण एकदम अंगावर येते. मी आपली सवयीप्रमाणे खाली मान घालून, श्वास मोजत चालले होते. दम लागायला लागला, एवढ्यात सई थांबली. ‘आई, बघ ना, बटरमिअरचं तळं दिसतंय.’ फोटो काढला. पुढे निघालो. पुन्हा छाती भरून आली, पुन्हा सई थांबली. बुटाची नाडी. मग सॅकमधून खजूर काढायला. मग वाऱ्याने टोपी उडेल म्हणून टोपी बांधायला. प्रत्येक वेळी नेमकं त्याच क्षणी, ना आधी ना नंतर. मला दम लागतोय हे माझ्याआधी तिला कळत होतं, आणि ते मला कळू नये याचीही तिने पुरेपूर काळजी घेतली होती.

मला हे ओळखता आलं कारण ही रीत आमचीच आहे. मागे पडलेल्याला तू मागे पडलायस असं तोंडावर सांगायचं नाही. पुढच्याने थांबायचं, हात करून दाखवायचं, तो अलंग, तो मदन, तो पलीकडे कुलंग. मागचा येऊन पोचतो, तोही बघतो, तेवढ्यात त्याचा श्वास खाली बसतो. ट्रेकला आलेल्या कितीतरी मंडळींसाठी मी असे डोंगर दाखवलेत. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत तर बापूकाकांसाठी दर टप्प्यावर. पण माझ्यासाठी कुणी डोंगर दाखवत थांबल्याचं मला आठवत नाही. आजपर्यंत.

खाली उतरल्यावर ह्यांना फोन केला. ‘बरं झालं की, पोरगी काळजी घेते,’ म्हणाले. त्यांना काय सांगणार.

आणि मग संध्याकाळी तो नकाशा.

भिजला होता म्हणून आमच्याबरोबर आलेल्या किरणने तो हीटरवर वाळत घातला होता. घडी उलगडून बघते तर त्यावर पेन्सिलीने आखलेली वाट. पण आजची नव्हे. सीथवेटच्या शेतावरून निघून, स्टॉक्ली ब्रिज ओलांडून, स्टायहेड टार्न या तळ्याच्या काठाने स्टायहेडच्या खिंडीत आणि तिथून थेट गेबलच्या छातीवर. थंडीत फोनवर सईने मला हीच वाट सांगितली होती. मी पुण्यात बसून ती पाठही केली होती. मग शुक्रवारी म्हणाली, सीथवेटला गाडी लावायला जागा मिळत नाही, होनिस्टरवरून जाऊ. मी म्हटलं, बरं.

आता नकाशावरच्या उंचीच्या रेषा मला वाचता येतात. सईला त्या मीच शिकवल्या. सीथवेट १३० मीटरच्या आसपास. होनिस्टरला गाडीच साडेतीनशे मीटरपर्यंत नेऊन सोडते. मधले चढउतार धरले तरी माथा गाठेपर्यंतची वाट हलकी होते. गाडीच्या जागेचं खरंही असेल. नसेलही. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं तर बोट काळं झालं. या सीथवेटच्या वरच्या डोंगरातच सोळाव्या शतकात शुद्ध ग्राफाइटचा साठा सापडला. आधी मेंढपाळ मेंढ्यांवर खुणा करायला ते वापरायचे, मग त्यावर केझिक गावाचा पेन्सिलींचा सगळा धंदा उभा राहिला. ती खाण मला बघायची होती. वाटेवरून तिचे राडेरोडे दिसतात असं सईच म्हणाली होती.

वाईट काय वाटतंय? दम लागला याचं नाही. दम लागतो. गुडघ्याबद्दल डॉक्टर जे बोलले त्याचंही नाही, ते मी पुण्यातच ठेवून आलेय. माझी वाट माझ्या मागे ठरली, आणि ती ठरताना मी कितीपत उरलेय याचा हिशेब कुणीतरी केला. माझ्या पोरीने केला. मला न विचारता.

तरी एक सांगायला हवं. ग्रीन गेबलवरून विंडी गॅपच्या खिंडीत उतरताना लालसर घसारा आहे. पाय टाकला की दगड आणि माती मिळून सरकतात. तिथे मात्र माझ्या पायांना काही सांगावं लागलं नाही. टाच रोवायची, अंग मागे टाकायचं नाही, सरकलं तर सरकू द्यायचं. मी झपाझप उतरले आणि खिंडीत जाऊन उभी राहिले. वर बघते तर सई एकेक पाऊल चाचपत येत होती, किरण तिच्याही मागे. वारा असा की उभं राहायला पाय फाकवावे लागत होते. मी त्यांच्यासाठी थांबले. फोटो काढला नाही, नाडी बांधली नाही. नुसती थांबले, आणि सई आल्यावर म्हणाले, ‘सावकाश, ओला आहे.’ तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खिंडीतून वर खडक. काही ठिकाणी हात लावावे लागतात. सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, हा ज्वालामुखीचाच पण सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. कोरड्या भागावर पकड इतकी छान की तळहात उचलावासा वाटेना. शेवाळलेल्या भागावर मात्र जपून. इथे सई माझ्या मागून चढली, एक हात माझ्या बुटाच्या जवळ. तेही मी बघितलं.

माथ्यावर ढग. दगडांच्या ढिगाऱ्यावर कातळात बसवलेली काशाची पाटी आहे, पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या इथल्या गिर्यारोहण क्लबच्या सभासदांची नावं तिच्यावर आहेत. त्यांच्या आठवणीसाठी क्लबने आजूबाजूचे डोंगर मिळून सुमारे ३००० एकर जमीन विकत घेतली आणि १९२३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली, सगळ्यांना कायम फिरता यावं म्हणून. पाटीचं अनावरण १९२४ चं. अजून दर नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतीच्या रविवारी, लोक भल्या थंडीत वर येतात आणि पाटीभोवती मौन पाळतात. दगडी पुतळा उभारण्याऐवजी चालायला डोंगर मोकळे करून द्यायचे, यापरतं स्मारक मला तरी माहीत नाही. आम्ही तिघंही गप्प होतो. किरणने ओल्या हातमोज्याने पाटीवरचं पाणी पुसलं.

तिथून थोडं पुढे, कड्याच्या टोकाशी, वेस्टमोरलंड भावांनी १८७६ मध्ये रचलेली दगडांची रास आहे. सगळ्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये इथून दिसतं तेवढं देखणं काही नाही असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही त्या राशीच्या आडोशाला धपाटे खाल्ले. आणि ढग फाटला. खाली वासडेलची शेतं, दगडी बांधांनी आखलेली, पलीकडे वास्ट वॉटर. इंग्लंडमधलं सगळ्यात खोल तळं, ७९ मीटर. डावीकडे स्कॅफेल पाइकचा काळा खांदा. सई माझ्याकडे बघत होती, तळ्याकडे नाही. मी कशी बघतेय ते ती बघत होती. त्या वेळी मला ते आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्या राशीच्या खालीच नेप्सचे कडे, आणि त्यात कुठेतरी तो नेप्स नीडल नावाचा सुळका. हॅस्केट स्मिथ १८८६ मध्ये त्याच्यावर एकटा चढला, दोराशिवाय. ब्रिटनमधल्या प्रस्तरारोहणाची सुरुवात त्या दिवसापासून धरतात. पण मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. पन्नास वर्षांनी, १९३६ च्या ईस्टरला, पंचाहत्तरी ओलांडलेला हा माणूस पुन्हा त्याच सुळक्यावर चढला. या खेपेला दोर बांधून, दोन साथीदारांच्या मधे. खाली बघायला लोक जमले होते.

मघापासून मी त्या दोराचाच विचार करतेय. वयाबरोबर दोर आला यात कमीपणा नाही. मला दोर बांधला तर मी बांधून घेईन. पण त्याचा दोर सगळ्यांना दिसत होता, त्याला स्वतःला दिसत होता, कमरेला गाठ होती. माझा सईने लपवला. मला तेवढंच बोचलंय.

आणि तरी, तिने तो लपवला कारण आम्ही तिला तसंच शिकवलं. मागच्याला लाज वाटू द्यायची नाही. बापूकाकांना कळत होतं का? त्यांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. अलंग-मदन त्यांनी माझ्या जन्माआधी केले होते, आणि मी त्यांना बोटाने दाखवत होते. ते कपाळावर आडवा हात धरून बघायचे, दर वेळी, नव्याने बघावं तसं. त्यांना विचारायला हवं होतं.

ग्रुपवर सईने फोटो टाकलेत. बटरमिअर. क्रमॉक वॉटर. ब्रँडरेथवरून पिलर आणि एनरडेलची दरी. थांबलेल्या प्रत्येक जागेचा एकेक फोटो आहे, आणि एकही घाईने काढलेला नाही. एका फोटोत हर्डविक मेंढी, पांढरं तोंड, राखाडी अंग, शेजारी तिचं काळंकुट्ट कोकरू. या मेंढ्यांना कुंपण लागत नाही म्हणे, आपला डोंगर कुठपर्यंत ते कोकराला आईकडून कळतं. सईला आता इथले डोंगर असेच माहीत झालेत, नाव न बघता. आता ती परत येईल असं मला... असो.

म्हणजे ती खरंच बघतही होती. माझ्यासाठी थांबली आणि थांबल्यावर बघितलं. मीसुद्धा नळीच्या वाटेत तसंच केलं असणार, नाहीतर तिथला एकेक कातळ मला आज आठवला नसता.

एवढं लिहिलं आणि सई पाणी प्यायला उठून आली. टेबलावर नकाशा उघडाच होता. तिने तो बघितला, मग मला बघितलं.

‘आई, त्या बाजूने चढण खूप आहे गं.’

‘माहितीये. रेषा मोजल्यात मी.’

गप्प उभी राहिली. मी म्हटलं, ‘मला थांबायचं असेल तेव्हा मी थांब म्हणेन. तू थांबायचंस. नाडी बांधायची नाही.’

तिने खुर्ची ओढली. डोळे भरले होते तिचे, पण आवाज सरळ होता. ‘मग गुडघ्याचं काय झालं ते पण सांग. बाबा काहीतरी टाळतायत फोनवर.’

मग सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला, स्टायहेड टार्नपाशी बोट ठेवलं, आणि म्हणाली, इथवर आधी जाऊ, वर जायचं की नाही ते तिथे बसून ठरवू. गाडीला जागा हवी तर सहाला निघावं लागेल.

मी पाचला म्हटलं. हवामान बघून बुधवारी.