बेअरिंग हातात आलं

रविवार, रात्री

अण्णांच्या आरएक्स १०० मोटरसायकलचं इंजिन उघडलंय. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रँक बेअरिंग, म्हणजे पिस्टननं फिरणारा शाफ्ट ज्यावर टेकतो ते, आज चेंबरमधून, इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या कवचातून, नुसत्या बोटांनी निघालं. पुलर नाही, हीट गन नाही. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

ते असं निघायला नकोच. चेंबर १०० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय, म्हणजे वर टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून उडेपर्यंत, बेअरिंगनं जागा सोडायची नसते. हाउसिंग, म्हणजे चेंबरमधली बेअरिंगची जागा, पुसून टॉर्च मारला तर आतल्या भिंतीवर गोल रांगेत ठिपके. पंच मारलेले. म्हणजे हाउसिंग आधीच सैल झालं होतं, आणि कुणीतरी ॲल्युमिनियमला ठिपके उठवून बेअरिंग त्यात ठोकून बसवलं होतं. ठिपक्यांची ती टोकं थोड्याच दिवसांत चेपतात, मग बेअरिंगची बाहेरची कडी (रेस) पुन्हा हाउसिंगमध्ये फिरायला लागते.

ज्या मेकॅनिकनं हे केलं त्याला माहीत होतं. अण्णांना त्यानं सांगितलं असेल? अण्णा त्याच्याशिवाय कुणाला गाडीला हात लावू देत नसत.

आता मागचं सगळं नीट लागतंय. बेअरिंग सैल, म्हणून क्रँकचा शाफ्ट किंचित थरथरणार. त्यानं ऑइल सीलचा, म्हणजे शाफ्टभोवती हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कडीचा, ओठ झिजणार. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग खाली उतरत नाही आणि पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं असतं तर गिअर ऑइल ओढलं जाऊन पांढरा धूर आला असता, कुणाच्याही लक्षात आलं असतं. इथे धूर नाही, म्हणून दरवेळी कार्ब्युरेटरचेच स्क्रू फिरवले गेले. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आधी ०.२५ मिमीनं वाढवला, मग ०.५० नं. दरवेळी पिस्टन नवा, आणि मूळ दुखणं तिथेच.

हे ठिपके डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आणि खराब व्हायचं ते नेमकं चेंबरच. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तरी नाना पेठेत पिस्टन, रिंगा, कॉनरॉड किट, क्लच प्लेट सगळं मिळतं. चेंबरचं तसं नाही. दोन्ही अर्धी एकत्र जोडून मशीन केलेली असतात. एक जुनं, एक नवं असं जोडलं तर क्रँकची रेषा जुळत नाही. बदलायचं तर जोडी बदलायची, आणि इंजिन नंबर चेंबरवरच असतो. सगळं माझ्याच वाट्याला का यावं, असं संध्याकाळभर वाटत होतं.

दादाचं म्हणणं, जुन्या बाजारातून अख्खं इंजिन उचल. आरएक्स १३५ चं मिळालं तर आणखी छान. मला ते पटत नाही. १३५ चा बोअर ५८ मिमी, आपला ५०. स्ट्रोक दोन्हींचा ५०, म्हणजे ९८ सीसीचे १३२ होणार आणि आरसीवरचा आकडाच खोटा ठरणार. शिवाय नंबर घासून पुन्हा ठोकलेलं इंजिन गळ्यात पडलं तर ते कुणाचं, हे मी कुठे सांगत बसू? रीतसर इंजिन बदललं तरी १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, तसं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येच आहे. इन्शुरन्सवरही नवा नंबर चढवायचा.

जेवणानंतर पुन्हा मोजलं. भेगा नाहीत, जोडाचे पृष्ठभाग सपाट आहेत. म्हणजे झिजलेलं हाउसिंग मोठं करून त्यात बुश (नवी कडी) मारता येईल. भोसरीत लेथवर हे काम होतं, फक्त चेंबरची जोडी बोल्टनं आवळूनच बोअर करून घ्यायची, क्लचच्या बाजूचं चांगलं हाउसिंग धरून सेंटर काढायचं. फिट ढिलं चालणार नाही. ५० मिमीच्या भोकात ६० अंशांच्या वाढीला ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे तीन शतांश मिमी जास्त फुगतं. थंड असताना बेअरिंग हातानं दाबून बसलं, तर गरम झाल्यावर ते फिरणारच. बेअरिंग चिकटवायच्या द्रावणावर मी हे सोडणार नाही.

बुश टिकला तर नंबर तोच राहील. नाही टिकला तर नवी जोडी, आरटीओची रांग आणि दुसरा नंबर. चालेल. अण्णांनाही चाललं असतं बहुतेक, त्यांना गाडी चालू असण्याशी मतलब होता.

टर्नरसाठी (लेथवाल्यासाठी) चिठ्ठीवर लिहिलं: बुश ॲल्युमिनियमचाच, बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा तयार भोक तीन ते चार शतांश मिमी कमी, पंच अजिबात मारायचा नाही. बेअरिंग सोबत द्यायचं, त्याच्यावरूनच माप घेऊ दे. दोन्ही सील नवी. क्रँकचा रनआउटही (फिरताना किती वाकडा चालतो ते) डायलवर बघायला सांगायचा, ०.०३ मिमीच्या आत हवा. नवं बेअरिंग बसवायच्या आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचं, आईला आधी विचारून. पहिल्या टाकीला ऑटोल्यूबच्या, म्हणजे इंजिनला आपोआप ऑइल देणाऱ्या पंपाच्या, भरवशावर राहायचं नाही, पंपातली हवा काढली तरी पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी ऑइल घालायचं.