दिवस गेलेली मासोळी

आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर गॅसचा सिलिंडर लावल्याच्या खुणेशेजारी गेले वर्षभर आणखी एक खूण पडते आहे. पेन्सिलीने काढलेला तो एक लहानसा मासा असतो. आमच्या काचपेटीतील गप्पी मासोळी ज्या दिवशी व्याली, त्या दिवसाची ती खूण. तेथून साधारण 28 दिवस मोजले की पुढचे बाळंतपण दाराशी येते. थंडीत हे दिवस वाढतात आणि उन्हाळ्यात थोडे कमी होतात, कारण या जीवाचे सगळे गणित पाण्याच्या उबेवर चालते.

या माशाचे नाव एका गपी नावाच्या गृहस्थांवरून पडले. त्यांनी 1866 साली त्रिनिदादहून काही नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले होते. आपल्याकडे हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्यांनी डासांच्या अळ्या खाण्यासाठी हे मासे हौदाहौदांत सोडले, तेव्हा गपीचे ‘गप्पी’ झाले, आणि ते मराठीत चपखल बसले. ज्याच्या नावात गप्पा आहेत तो प्राणी जन्मभर गप्प असतो, हा विनोद मात्र बहुधा कोणी जाणूनबुजून केलेला नसावा.

खरे म्हणजे आम्हाला पिल्ले नकोच होती. दीड फूट लांबीच्या, जेमतेम 35 लिटर पाण्याच्या पेटीत गर्दी नको, म्हणून मी मुद्दाम दोन माद्याच आणल्या होत्या. नर लहान, रंगीत आणि झुपकेदार शेपटीचा. मादी मोठी, फिकट आणि पोटाने भरलेली, त्यामुळे निवडीत चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तीन आठवड्यांत एकीच्या पोटाच्या मागील टोकाला, खालच्या पराच्या किंचित वर, काळसर ठिपका गडद होत गेला आणि पोटाचा आकार गोल न राहता चौकोनी दिसू लागला. चौकशी केल्यावर समजले, की या माद्या एकदाच्या संगातील बीज महिनोन्महिने शरीरात साठवून ठेवतात आणि त्यावर एकामागून एक अशी अनेक बाळंतपणे उरकतात. दुकानातील ज्या टाकीतून त्या आल्या, तेथेच सारे घडून गेले होते.

आईने काचेला नाक लावून पाहिले आणि विचारले, “पहिलटकरीण दिसते रे ही. हिला खायला काय देतोस?” मी कोरड्या खाद्याचा डबा दाखवला, तेव्हा तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, त्या नजरेत सुनेचे डोहाळे न पुरवणाऱ्या सासरची सगळी निर्भर्त्सना होती.

त्या निर्भर्त्सनेपोटीच मी पुढची चूक केली. दुकानातून प्लॅस्टिकची प्रसूतिपेटी आणली. तळहाताएवढ्या या डबीला खाली फट असते. पिल्ले फटीतून खाली जातात आणि आईच्या तोंडी लागत नाहीत, अशी तिची योजना. मी मासोळीला आठ दिवस आधीच त्या डबीत ठेवले. ती भिंतींवर धडका देत राहिली, तिने खाणे सोडले आणि तिसऱ्या दिवशी काही पिल्ले अकाली बाहेर पडली. त्यांच्या पोटांशी अजून पिवळट पिशवी लोंबत होती. त्यांतील एकही जगले नाही. ती पिशवी म्हणजे अंड्यातील बलक. गप्पीची अंडी पोटातच उबतात आणि पिल्लू मुख्यतः त्या बलकावरच वाढते. आईने जणू प्रवासाआधीच प्रत्येकाची शिदोरी वेगळी बांधून ठेवलेली असते. मी मध्येच गाडीतून उतरवले, तेव्हा त्यांची शिदोरी अर्धीच संपली होती. ती डबी मी नंतर माळ्यावर टाकली. आजही दुकानदार ती आवर्जून दाखवतात आणि मला दर वेळी राग येतो.

त्यानंतरची काळजी ही बरीचशी हात आवरण्याची काळजी ठरली. पेटीच्या एका कोपऱ्यात जावा मॉस या पाण्यात वाढणाऱ्या शेवाळ्यासारख्या वनस्पतीचा दाट पुंजका लावला आणि वर तरंगणाऱ्या वनस्पतींची मुळे खाली सोडली, म्हणजे पिल्लांना लपायला जागा झाली आणि आईलाही नजरेआड होता आले. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवला, नाहीतर नवजात पिल्लू त्यात ओढले जाते. पुण्याच्या डिसेंबरात पाणी गारठते म्हणून हीटर 25 अंशांवर ठेवला. दर रविवारी 8 लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालायचे, तेही अँटिक्लोरीनचे थेंब टाकून आणि पेटीतील पाण्याइतके कोमट करून. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणून नावे ठेवायला शिकवले, ते बोअरचे जड पाणी या माशांना मानवते, हे कळल्यावर आमच्या सोसायटीच्या पाण्याबद्दल मला प्रथमच बरे वाटले.

आईच पिल्लांना खाते, ही गोष्ट माझ्या आईला अजूनही पटलेली नाही. मासोळीला ते आपले लेकरू आहे हे ठाऊकच नसते. समोर काहीतरी बारीक हलते आहे, एवढेच तिला दिसते. म्हणून शेवटच्या दिवसांत तिला थोडे-थोडे पण वारंवार खायला घालतो. पोट भरलेले असले म्हणजे ती शिकारीच्या मागे कमी लागते. आमच्या घरात याला ‘डोहाळे’ असेच म्हणतात.

दुसऱ्या खेपेस ती पहाटे व्याली. आदल्या रात्री ती हीटरपाशी एका जागी थबकून होती आणि समोर टाकलेल्या दाण्याकडे तिने पाहिलेही नाही. दिवा न लावता मी जमिनीवर बसून राहिलो. पहिले पिल्लू गुंडाळलेल्या अवस्थेत बाहेर पडले, तळाकडे घसरत गेले, मग एकदम सरळ झाले आणि कोणी शिकवल्यासारखे मॉसमध्ये शिरले. सगळे मिळून अर्धा सेंटिमीटरहून किंचित मोठे शरीर, आणि त्यातही डोळेच अधिक. उजाडल्यावर मी 23 मोजली. संध्याकाळी 19 दिसली. उरलेली चार लपली असावीत, असे मी आईला सांगितले.

पिल्लांना खायला उकडलेल्या अंड्याचा बलक मोहरीएवढा घ्यावा, पाण्यात कालवावा आणि थेंब-थेंब सोडावा; एवढेही जास्त झाले तर संध्याकाळपर्यंत पाणी नासते. महिना-सव्वा महिन्यात नर ओळखू येऊ लागतात, आणि तेव्हाच त्यांना वेगळे केले नाही, तर भावंडांचाच संसार सुरू होतो. जास्तीची पिल्ले नदीत किंवा तळ्यात सोडायची नाहीत, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे. तेथील माशांच्या पोटावर हे पाहुणे पाय देतात. खालच्या मजल्यावरील आजोबांच्या कमळाच्या कुंडीत सहा गेली, आणि त्यांच्या कुंडीतल्या अळ्या संपल्याचे ते जिन्यात भेटेल त्याला सांगतात.

आज 26वा दिवस आहे. ठिपका गडद झाला आहे, आणि आईने न सांगता सकाळीच एक अंडे उकडून ठेवले आहे.