न्यूयॉर्कची घंटा आणि आठची सिरीयल

कालनिर्णयात संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट मिळतो, पण अमेरिकेत घड्याळ कधी पुढेमागे होणार ते कुठेच छापलेलं नसतं आणि आमच्या घरात त्याचीही तेवढीच गरज आहे. म्हणजे बघा, मार्च ते नोव्हेंबर न्यूयॉर्कचा शेअर बाजार आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता उघडतो. ती घंटा वाजते, बाल्कनीत उभे असलेले लोक टाळ्या पिटतात, तेव्हा आई देवाकडे दिवा लावून स्वयंपाकघरात गेलेली असते आणि टीव्ही मोकळा असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे घेतात आणि सोमवारपासून तीच घंटा आठला. आठला आईची सिरीयल. आता वॉल स्ट्रीट असो की अजून काही, त्या सिरीयलपुढे कोणाचं काय चालणार, त्यामुळे पुढचे चार महिने अमेरिकेचा बाजार आमच्याकडे मोबाईलवर उघडतो, तोही आवाज बंद करून.

मार्चमध्ये तर आणखी घोळ. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क तासभर आधीच येऊन बसलेलं असतं आणि लंडन अजून हिवाळ्यातच, मग बाजाराच्या बातम्या देणाऱ्या परदेशी चॅनलवर एखादा कार्यक्रम सरकतो, एखादा कापला जातो आणि आपण चहाचा कप घेऊन बसावं तर भलताच माणूस भलतंच बोलत असतो. २००७ पासून अमेरिकेने आपला हा उन्हाळा लांबवला, त्याआधी ही तफावत एका आठवड्यात मिटायची. जपान, सिंगापूर, हाँगकाँग आणि आपण या भानगडीत नाही. आपला घोळ वेगळा, तो अर्ध्या तासाचा. सगळ्या जगाचे कार्यक्रम त्यांच्या तासाला सुरू होतात आणि आपल्याकडे ते साडेपाच, साडेसात, दीड असे येऊन पडतात.

आता गोव्यात बसून हे कोण बघतं असं वाटेल. समुद्र, मासळी, चवथ, जत्रा, नाटकं, यात सिंगापूरच्या स्टुडिओला जागा कुठे. पण २००८-१०च्या सुमारास डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात कोणाशीही बोलायला जा, चीनमधल्या पोलाद कारखान्यांची विचारपूस आपल्या सोयऱ्यांसारखी चालायची. आमचं लोहखनिज तसं हलक्या प्रतीचं, आधी जपानला जायचं, मग चीनने भराभर उचलायला सुरुवात केली आणि २०१२च्या खाणबंदीच्या आधीच्या वर्षांत निर्यात पाच कोटी टनांच्या घरात गेली. ज्याच्याकडे दोन टिप्पर होते त्याने आणखी दोन घेतले, बँकेचं कर्ज काढून अर्थातच. संध्याकाळी रस ऑम्लेटच्या गाड्यावर उभं राहिलं की बाजूचा माणूस पाव बुडवता बुडवता रेट काय चाललाय ते सांगायचा, आणि तो रेट डॉलरमध्ये असायचा.

आमचे भाऊकाका त्यातलेच. खाणीच्या ऑफिसात नोकरी आणि मेहुण्याबरोबर भागीत टिप्पर. त्यांना इंग्रजी बातम्यांतलं सगळं कळायचं अशातला भाग नाही, पण पडद्याच्या तळाशी सरकणारी भावांची पट्टी त्यांना पाठ होती आणि कोणत्या वेळी कोणत्या गावचा माणूस बोलतो हे तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, टोकियो ५.३०, हाँगकाँग ७, लंडन १.३० आणि त्याच्याखाली कंसात उन्हाळा १२.३०. एक ओळ मला फार आवडायची, टोकियो जेवण ८ ते ९. तिकडे खरंच दुपारी तासभर बाजार बंद ठेवून जेवायला जातात, आपल्या घड्याळाने सकाळी आठ ते नऊ, म्हणजे पदेर पाव देऊन गेला, चहा झाला, आणि काका अंघोळीला उठायचे ते टोकियोच्या सुट्टीत. दुपारी एक ते चार आमच्याकडे दुकानं बंद होतात त्याला लोक नावं ठेवतात, पण टोकियोच्या शेअर बाजाराला कोणी आळशी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

काकांचा लाडका कार्यक्रम म्हणजे सीएनबीसी या अमेरिकी बिझनेस चॅनलवरचं वर्ल्डवाइड एक्सचेंज. २००५च्या डिसेंबरात सुरू झालेला, आपल्याकडे दुपारच्या जेवणानंतर लागायचा. त्यात तीन खंडांतून तीन जण एकाच वेळी बोलायचे, सिंगापूरहून क्रिस्टीन टॅन, लंडनहून रॉस वेस्टगेट, अमेरिकेतून मिशेल करुसो-कॅब्रेरा. पडद्याचे तीन तुकडे, एकीकडे संध्याकाळ, एकीकडे सकाळ, एकीकडे अजून उजाडायचंय आणि ती बाई तरी टवटवीत. मला त्या तिघांचं एकमेकांना वाट करून देणं बघायला फार मजा यायची, एकाचं वाक्य संपलं की अर्धा सेकंद गप्प, मग दुसऱ्याचं हसू. तो अर्धा सेकंद सॅटेलाइटचा. त्या अर्ध्या सेकंदात कळायचं की माणसं खरंच लांब बसली आहेत. (आता सगळं इतकं सफाईदार झालंय की दुबईचा माणूस शेजारच्या खोलीत असल्यासारखा बोलतो.)

मग काय झालं तर सिंगापूरची खुर्ची गेली. आधी माणसं बदलली, नंतर तुकडे तीनाचे दोन झाले आणि २०१६च्या जानेवारीत कार्यक्रम अख्खाच्या अख्खा अमेरिकेत गेला, नाव मात्र तेच, वर्ल्डवाइड. शेजारचं बिऱ्हाड रातोरात उठून जावं आणि दारावरची पाटी तशीच राहावी तसं ते वाटलं. खुर्ची पहिल्यांदा रिकामी झाली त्या काळात काकांनी मला विचारलेलं आठवतंय, "ती सिंगापूरची बाय खंय गेली रे?" मी कुठून सांगणार. चॅनलवाले सांगत नाहीत ना. एखादा अँकर गेला तर केक कापतात, दोन शब्द बोलतात, पण कार्यक्रमच गेला तर सोमवारी त्या जागी दुसरं काहीतरी चालू असतं आणि कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं असं की त्या चॅनलांवर दिवसभर जे सांगतात त्यातलं निम्मं तर अंदाज आणि उरलेलं कालच्या अंदाजाचं स्पष्टीकरण, पण वेळापत्रक बदललं ना, ती खरी बातमी. कारण तिथे त्यांचे स्वतःचे पैसे लागलेले असतात. सिंगापूरचं एबीएन (एशिया बिझनेस न्यूज) आणि सीएनबीसी एशिया ही दोन वेगळी चॅनलं १९९८ मध्ये एकत्र झाली, युरोपातही तसंच, का, तर जवळजवळ त्याच प्रेक्षकासाठी दोघंही तोटा सोसत होते. २००९ मध्ये मंदी आली तशी ब्लूमबर्गने जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश चॅनलं आवरती घेतली. म्हणजे पैसे आखडले की आधी भाषा जातात, हे बघून ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे गुजरातीत सीएनबीसी बाजार आलं, मराठीत आपण दुपारच्या बातम्यांत सेन्सेक्सचा आकडा ऐकतो आणि पुढे हवामान. तक्रार नाही, कोणाचे पैसे कुठे लागलेत ते दिसतं एवढंच.

दुबईचं बघा. अमिरातीने २०२२ पासून शुक्रवार-शनिवारची सुट्टी बदलून शनिवार-रविवार केली, बाजारही सोमवार ते शुक्रवार केला. आखातात गोव्याची माणसं किती आहेत ते वेगळं सांगायला नको, आमच्या आत्तेचा मुलगा तिकडे, त्याचा रविवारचा फोन आधी ऑफिसातून घाईघाईत यायचा तो आता सावकाश येतो. सौदीत मात्र अजून रविवारी बाजार उघडतो. आणि टोकियोने २०२४च्या नोव्हेंबरपासून बाजार अर्धा तास वाढवला, दुपारी तीनचा साडेतीन केला, तेव्हा तिकडच्या स्टुडिओतल्या लोकांना अर्धा तास जास्त बोलायचं काम लागलं. अर्धा तास जास्त बोलणं म्हणजे काय हे ज्याने कोणी सत्यनारायणाच्या जेवणात पाहुण्यांना खेळवून ठेवलंय त्याला विचारा.

आपल्या बाजारानेही कमी गोंधळ घातलेले नाहीत. २०१०च्या जानेवारीत पाच मिनिटं कमी दहाला उघडणारा बाजार एकदम नऊला आणला, तेव्हा सगळ्या देशी बिझनेस चॅनलांची सकाळ तासभर अलीकडे आली. पण मला सगळ्यात गंमत वाटली ती २०२५च्या मुहूर्त ट्रेडिंगची. दिवाळीत शुभ म्हणून तासभर बाजार उघडतात ते हे, वर्षानुवर्षं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्हायचं, ते २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन ठेवलं. स्टुडिओत झब्बे, पैठण्या, समया, झेंडूच्या माळा सगळं जागच्या जागी आणि इकडे रणरणतं ऊन. आमच्या बाजारपेठेतला दुकानदार पूजा संध्याकाळीच करणार, त्याला विचारलं तर म्हणाला दुपारी दोनला लक्ष्मी आली तर तिला सांग शटर खाली आहे.

खाणींचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये बंद, २०१४ मध्ये कोर्टाने वाट मोकळी केली, २०१८च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द होऊन मार्चमध्ये परत बंद. टिप्पर रस्त्याच्या कडेला उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या. काकांनी चॅनल बघणं सोडलं असं नाही, पण कालनिर्णयावरची पेन्सिल थांबली. आणि एवढ्या कोटी टनांचा माल बाजारातून गेला तरी सिंगापूर-लंडनच्या वेळापत्रकात मिनिटाचाही फरक पडला नाही, तेही साहजिकच होतं म्हणा, आम्ही त्या पट्टीवर होतोच किती.

आता नवीन बोलणं चाललंय ते चोवीस तास बाजाराचं. नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजाराने २०२५ मध्ये सांगून टाकलं की आठवड्यातले पाच दिवस चोवीस तास व्यवहार सुरू करायचेत, न्यूयॉर्कच्या मोठ्या एक्स्चेंजलाही आपले तास वाढवायचेत. मग उघडण्याची घंटा कधी वाजवणार आणि टाळ्या कशासाठी पिटणार हा प्रश्न आहेच, पण मला दुसरंच दिसतंय. न्यूयॉर्कची रात्र म्हणजे सिंगापूरचा भर दिवस. रात्री दोन वाजता अमेरिकन शेअर हलायला लागले तर त्यावर बोलायला न्यूयॉर्कात कोणाला जागवणार, ताजं तोंड आणि भरलेलं पोट लागतं त्या कामाला. माझा अंदाज सांगतो, मघाशी अंदाजांना नावं ठेवली तरी, ती सिंगापूरची खुर्ची परत मांडावी लागणार आहे, प्रेमाने वगैरे नाही, रात्रपाळीचा भत्ता वाचतो म्हणून.